नव्या गाडीच्या रंगासाठी किती खर्च करावा? सांगली-मिरज पट्ट्यातून येणारे नेहमीचे प्रश्न

गाडी बुक झाली की हे प्रश्न सुरू होतात. आमचं डेंटिंग-पेंटिंगचं काम सांगली-मिरज पट्ट्यातलं, त्यामुळे उत्तरंही इथल्या रस्त्यांची, इथल्या पाण्याची आणि इथल्या उसाची आहेत. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा कडक, पातळ थर) आणि पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) आम्हीही करून देतो. तरी बऱ्याच जणांना आमचं उत्तर ‘एवढं नको’ असंच असतं, आणि ते का, हे खाली सविस्तर लिहिलं आहे.

शोरूमवाले म्हणतात, ‘डिलिव्हरीच्या आधीच कोटिंग घ्या.’ हो म्हणू का?

लगेच नको. कोटेशनमध्ये गाडीची किंमत, विमा, आरटीओ आणि ॲक्सेसरीज यांचे आकडे वेगवेगळे मागून घ्या. कोटिंग, अंडरबॉडी, मॅटिंग, सीट कव्हर असं सगळं ‘पॅकेज’ म्हणून एकाच आकड्यात घातलं असेल तर ते फोडून मागा. ‘हे घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. एक वस्तू विकताना दुसरी गळ्यात मारणं ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. बहुतेकदा तिथवर जावं लागत नाही, ‘तसं लेखी द्या’ म्हटलं की तो आकडा कोटेशनमधून निघतो.

घाई न करण्याचं मोठं कारण मात्र कामाचं आहे. सिरॅमिक नीट करायचं तर गाडी धुवायची, क्ले (चिकणमातीसारखा मऊ गोळा) फिरवून रंगात रुतलेले कण काढायचे, बारीक ओरखडे पॉलिशने घालवायचे, पॉलिशचं तेल पुसून काढायचं आणि मग कोटिंग लावायचं. याला एक ते दोन दिवस लागतात. नवी गाडी म्हणजे निर्दोष रंग, असं नसतं. ती ट्रेलरवरून येते, यार्डात उन्हापावसात उभी राहते, आणि डिलिव्हरीच्या सकाळी कुणीतरी ती गडबडीत फडक्याने पुसतं. ते ओरखडे तसेच ठेवून वर कोटिंग मारलं तर ते कोटिंगखाली बंद होतात. काढायचे म्हटले तर आधी कोटिंग घासून काढावं लागतं. गाडी आधी साधी ताब्यात घ्या, दिवसाच्या उजेडात नीट पाहा, कोटिंगचं पंधरा दिवसांनी ठरवलं तरी काही बिघडत नाही.

कंपनीचा रंग मुळात किती जाड असतो?

हे समजलं की पुढचं बरंच आपोआप समजतं. पत्र्यावर गंज रोखणारा पहिला थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे चमक सांभाळणारा थर डोक्याच्या केसाहूनही पातळ. ऊन, पक्ष्यांची विष्ठा, खडा, फडकं, सगळं झेलतो तो हाच थर.

मशीनने रबिंग-पॉलिश केलं की दर वेळी यातले थोडे मायक्रॉन जातात. ‘दिवाळी आली, रबिंग मारून घेऊ’ ही सवय दर वर्षीची असेल तर काही वर्षांनी बॉनेट आणि टपाचा क्लिअर कोट उन्हाने पापुद्रे सुटल्यासारखा निघू लागतो. मग तो पार्ट पुन्हा रंगवण्याखेरीज उपाय उरत नाही.

वॅक्स, टेफ्लॉन, सिरॅमिक, पीपीएफ: यांत फरक काय?

वॅक्स म्हणजे मेण. चमक छान देतं, पाणी ओघळवतं, आणि आपल्या उन्हात महिना-दोन महिन्यांत उतरतं. स्वतः रविवारी हाताने लावता येतं, स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे.

‘टेफ्लॉन’ नावाने जे विकलं जातं ते गाडीच्या बाबतीत एक चांगलं पॉलिश समजा. तव्यावरचं टेफ्लॉन भट्टीच्या उष्णतेत बसवलेलं असतं, गाडीचा रंग तेवढा तापवता येत नाही. काही महिने गुळगुळीतपणा राहतो, त्यासाठी चार-पाच हजार देण्यात अर्थ नाही.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकावर आधारलेला द्रव असतो. तो क्लिअर कोटला घट्ट धरतो आणि वाळून कडक, पातळ थर होतो, जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. पाणी आणि चिखल चिकटत नाही, धुणं सोपं होतं, चमक टिकते, विष्ठा किंवा झाडाचा चीक पुसायला थोडी उसंत मिळते. खडा लागला तर मात्र त्याचा काही उपयोग नाही.

पीपीएफ म्हणजे पारदर्शक फिल्म. चांगली फिल्म टीपीयूची (रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकची) असते, 150 ते 200 मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सगळ्या थरांच्या बेरजेपेक्षाही जाड. खडा तिच्यावर आपटतो, रंगावर नाही. बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने भरून येतात. या चौघांत रंगाला खरा मार बसण्यापासून वाचवणारी हीच एक. महागही हीच.

‘9एच कडकपणा आहे, किल्लीनेसुद्धा ओरखडा पडत नाही’ हे खरं का?

9एच हे पेन्सिलीचं माप आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने घासून बघतात, आणि सगळ्यात कडक पेन्सिल 9एच. तिचा ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. खडी पेन्सिलीच्या शिशापेक्षा पुष्कळ कडक असते, किल्लीही. प्रात्यक्षिकात कोटिंग मारलेल्या पत्र्यावर लायटर धरून दाखवतात, त्यानेही काही सिद्ध होत नाही. कोटिंग न केलेला पत्राही तेवढ्या क्षणभराच्या आचेला टिकतो.

मग माझ्या गाडीला नेमकं काय लागेल?

गाडी कुठे फिरते आणि रात्री कुठे उभी राहते, या दोन गोष्टींवर बहुतेक निर्णय होतो. गाडीची किंमत त्यानंतर बघायची.

विश्रामबागेतून गणपती पेठेत दुकानाला किंवा मिरजेला दवाखान्यात, एवढंच रोजचं जाणं-येणं आणि रात्री गाडी पार्किंगच्या छताखाली, असं असेल तर संरक्षणाचा खर्च जवळपास शून्य ठेवा. चांगलं धुणं आणि तीन-चार महिन्यांतून एकदा वॅक्स किंवा सीलंट पुरेसं आहे. हौस असेल तर सिरॅमिक घ्या, पण ते हौसेचं आहे हे मनाशी ठेवून घ्या.

गाडी उन्हात किंवा झाडाखाली उभी राहत असेल तर सिरॅमिकला अर्थ येतो. वडा-पिंपळाची फळं खाऊन पक्षी जे टाकतात ते उन्हात वाळलं की काही तासांत क्लिअर कोटवर डाग उमटतो. कोटिंग असलं तरी तसंच ठेवलं तर डाग पडतोच, फक्त थोडी जास्त सवड मिळते. ओल्या कपड्याने भिजवून, न घासता उचलायचं.

पेठनाक्यावरून पुणे-बेंगळुरू महामार्गाला आठवड्यातून जाणं असेल, पुण्याला नोकरी आणि शनिवार-रविवार गावी असं चक्र असेल, तर पुढच्या भागाला पीपीएफ घ्या. महामार्गाची कामं चालू असलेल्या टप्प्यांत डंपरमागून येणारी बारीक खडी शंभरच्या वेगाला बॉनेटच्या पुढच्या कडेवर आणि बंपरवर सुईने टोचल्यासारखे ठिपके पाडते. ठिपका पत्र्यापर्यंत गेला की पहिल्या पावसाळ्यातच तिथे तांबूस रंग धरतो. हे थांबवणारं सिरॅमिक अजून बाजारात आलेलं नाही.

आणि आता उसाचं. वाळवा, पलूस, मिरज पश्चिम भागात ज्यांचं शेत पाणंदीवर आहे त्यांच्या गाड्या आमच्याकडे वेगळ्याच खुणा घेऊन येतात. पुढचा भाग ठीक असतो, पण दोन्ही बाजूंच्या दारांवर मधोमध आडव्या, जवळजवळ समांतर बारीक रेघांची जाळी असते. ही उसाच्या पातीची. पातीच्या कडेला सिलिका असतो, म्हणूनच ती तोडणाऱ्याच्या हाताला कापते. अरुंद पाणंदीत दोन्ही बाजूंची पाती धुळीने भरलेली असते, आणि गाडी पुढे गेली की तीच धूळ दारावर घासत नेते. बोट फिरवलं तर रेघ लागत नाही, उन्हात तिरकं पाहिलं की सगळं दार विणल्यासारखं दिसतं. अशा गाडीला बॉनेटपेक्षा दारांना फिल्म लावणं शहाणपणाचं, कारण या खोलीच्या रेघा टीपीयू फिल्मवर उन्हाने भरून येतात. बजेट नसेल तर दारांचा खालचा अर्धा भाग आणि मागच्या चाकापुढचा पत्रा एवढंच करा. शिवाय गळिताच्या हंगामात ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या टोकांपासून लांब राहा. तो ओरखडा पत्र्यापर्यंत जातो, तिथे कुठलीच फिल्म पुरी पडत नाही.

तासगाव भागातल्या बागायतदारांसाठी एक सूचना: बागेत फवारणीचा ब्लोअर चालू असताना गाडी कडेला लावू नका. फवारणीतलं बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. त्याचे थेंब रंगावर वाळले की निळसर-पांढरे ठिपके धरतात. त्याच दिवशी भरपूर पाणी मारून धुवा.

साधारण किती पैसे लागतात?

कंपनी आणि गाडीच्या आकारानुसार फरक पडतो, पण अंदाजासाठी: छोट्या हॅचबॅकला चांगलं सिरॅमिक 12 ते 25 हजार, मोठ्या एसयूव्हीला 20 ते 40 हजार. पूर्ण गाडीला टीपीयू पीपीएफ हॅचबॅकसाठी 60 हजार ते एक लाख, एसयूव्हीसाठी 90 हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत. फक्त पुढचा भाग केला तर त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा. बिलात 18 टक्के जीएसटी धरला आहे का ते विचारा.

समोर दुसरा आकडा ठेवा. एक पार्ट, म्हणजे एक दार किंवा बॉनेट, चांगल्या बूथमध्ये पुन्हा रंगवायला साधारण तीन ते सात हजार लागतात. आठ लाखांच्या गाडीला एक लाखाची फिल्म म्हणजे जवळपास सगळी गाडी एकदा रंगवून होईल एवढी रक्कम. तरीही कंपनीचा मूळ रंग परत मिळत नाही, हे खरं आहे, आणि जुनी गाडी घेणारा तोच शोधतो. पण आठ लाखांची गाडी पाच वर्षांनी विकताना फिल्मचे लाख रुपये परत येत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे: पंधरा लाखांच्या आतल्या गाडीला पूर्ण पीपीएफ करू नका. पुढचा भाग करा, किंवा पाणंदीची गाडी असेल तर दारं करा, आणि उरलेले पैसे चांगल्या टायरला ठेवा.

पुढचा भाग म्हणजे नक्की कुठले पार्ट?

पूर्ण बॉनेट, पुढचा बंपर, हेडलाइट आणि आरसे. ‘अर्धं बॉनेट’ स्वस्त पडतं, पण मधोमध कड राहते, तिथे धूळ साचून वर्षभरात काळी रेघ दिसते. त्यापेक्षा पूर्ण बॉनेट घ्या. याशिवाय दाराच्या हँडलमागची वाटी, जिथे अंगठीने आणि नखाने ओरखडे पडतात, दारांच्या कडा, आणि डिकीत सामान ठेवताना घासली जाणारी बंपरची वरची पट्टी. हे छोटे तुकडे उरलेल्या फिल्ममधून निघतात, काम सांगतानाच मागून घ्या.

फिल्म चांगली आहे हे कसं ओळखायचं?

टीपीयू मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. टीपीएच नावाची फिल्म निम्म्या दरात मिळते, ती पीव्हीसीच्या जातीची असते. पहिले सहा महिने दोन्ही सारख्याच दिसतात. मग पांढऱ्या गाडीवर टीपीएच पिवळी पडू लागते, कडक होते, आणि काढताना तुकडे-तुकडे होऊन गोंद मागे राहतो. तुकडा हातात घेऊन ताणून बघा: टीपीयू रबरासारखी ताणली जाते आणि हळूहळू मूळ आकाराला येते.

रोल तुमच्यासमोर उघडायला सांगा, त्यावरचा नंबर वॉरंटी कार्डावर आहे ना ते बघा. फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार की आधी मशीनवर कापून आणणार, हेही विचारा. ब्लेडची कड क्लिअर कोटमध्ये रुतली तर तिथून पुढे गंजाला वाट मिळते. कारागीर हाताचा पक्का असेल तर गाडीवर कापलेलंही सुरेख बसतं, पण त्याचं आधीचं काम डोळ्याने पाहिल्याशिवाय द्यायचं नाही. सहा महिने जुनी झालेली एखादी गाडी दाखवा म्हणा. आजच लावलेली फिल्म कुणाचीही छान दिसते.

सिरॅमिकच्या वॉरंटीतही एक अट असते: दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पैसे भरून मेंटेनन्स. एक फेरी चुकली की वॉरंटी गेली. पाच वर्षांच्या या फेऱ्यांचे पैसे मूळ किमतीत मिळवून मगच तुलना करा.

झिरो डेप विमा आहे, मग ओरखड्यांची काळजी कशाला?

झिरो डेप म्हणजे पार्टचा घसारा न कापता पैसे देणारा विमा. पण मोठ्या धक्क्यासाठी विमा, किरकोळ ओरखड्यासाठी नाही. प्रत्येक क्लेमला सक्तीची कपात आहे, 1500 सीसीपर्यंत एक हजार आणि त्यावर दोन हजार. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातो, जो पहिल्या वर्षी 20 टक्क्यांपासून पुढे 50 टक्क्यांपर्यंत चढतो. चार हजारांच्या बंपरसाठी तो घालवू नका. फिल्म लावणार असाल तर अपघातात तिचे पैसे मिळतील का, हे विमा कंपनीला आधीच विचारून उत्तर लेखी घ्या.

सासऱ्यांची गाडी दहा वर्षं कुठलंही कोटिंग न करता आरशासारखी आहे. ती कशी?

बहुधा ते स्वतः धुतात म्हणून. रंग जेवढा खड्याने खराब होतो त्याहून कितीतरी जास्त फडक्याने होतो. रोज पहाटे एकाच बादलीत पाच गाड्या पुसणारा मुलगा पहिल्या गाडीची माती पाचव्या गाडीवर फिरवत असतो. काळ्या मातीतली वाळू आणि पिवळं फडकं मिळून जे करतात ते उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. त्याला सांगा, रोज पुसू नकोस, आठवड्यातून एकदा पाणी मारून धू. पैसे तेवढेच द्या, त्याचंही पोट आहे.

आधी नुसतं पाणी मारून माती सोडवायची. मग दोन बादल्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि मायक्रोफायबरचा हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, चाकं वेगळ्या कपड्याने. भांड्यांचा साबण आणि निरमा नको. हे सगळं सामान दोन हजारांत येतं आणि कोणत्याही कोटिंगपेक्षा जास्त रंग वाचवतं.

गळिताच्या हंगामात कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर सकाळी चिमणीतली काजळी पडलेली असते. ती दिसायला मऊ, पण खरखरीत असते. दवात भिजलेली असली तरी हाताने किंवा मोराच्या पिसाच्या झाडणीने झटकू नका. पाण्यानेच उतरवा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. सिरॅमिकने जातील?

नाही, उलट जास्त दिसतील. सिरॅमिकवर पाणी गोल थेंब होऊन बसतं. बोअरचं जड पाणी असेल तर थेंब वाळल्यावर क्षाराचं कडं राहतं, आणि उन्हात ते कोटिंगमध्ये रुततं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे हे फार होतं. सावलीत धुवा, थेंब वाळायच्या आत कोरडं करा, शेवटचं पाणी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं मारा. हे जमणार नसेल तर सिरॅमिकवर पैसे घालू नका.

अंडरबॉडी कोटिंग?

सांगलीत फिरणाऱ्या गाडीला गरज नाही. हल्लीच्या गाड्यांना खालून कंपनीचाच थर असतो. आंबा घाटाने रत्नागिरीला सारखं जाणं असेल आणि गाडी समुद्राजवळ उभी राहत असेल तर करा, फक्त दारांखालची पाणी निघायची भोकं बुजणार नाहीत हे उभं राहून बघा.

आमचं घर पूररेषेजवळ आहे. काही वेगळं करावं का?

हो, रंगाचे पैसे विम्याकडे वळवा. 2005, 2019 आणि 2021 ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुराचं नुकसान साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत धरलं जातं, पण पाण्यात इंजिन चालू केल्याने ते बसलं तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन नसताना पैसे मिळत नाहीत. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की गाडी उंचावर न्या. पाण्यात राहिलीच तर स्टार्टर मारू नका, टो करूनच हलवा.

पूजा आधी की कोटिंग आधी?

पूजा आधी. गणपती मंदिरात किंवा नरसोबाच्या वाडीला गाडी नेऊन पूजा करा, बॉनेटवर स्वस्तिक काढा, हार घाला. कुंकू ओलं करून लावलं असेल तर घरी आल्यावर पाण्याने हलकेच उतरवा, कोरडं पुसू नका. ताज्या फिल्मवर आणि तिच्या कडांवर कुंकवाचा रंग धरतो, आणि ताज्या सिरॅमिकला पहिला दिवसभर पाणी लागू द्यायचं नसतं आणि आठवडाभर शाम्पू नको असतो. हाराची तार तेवढी कापडाने गुंडाळून बांधा.

गाडी दोन वर्षांची झाली. आता पीपीएफ लावून उपयोग आहे का?

रंग मूळचा असेल आणि महामार्गाचं जाणं वाढलं असेल तर आहे. आधीच पडलेले ठिपके टचअप करून मगच फिल्म लावायची, कारण फिल्मखाली गंज थांबत नाही. एखादा पार्ट मधल्या काळात रंगवला असेल तर ते फिल्म लावणाऱ्याला आधी सांगा. गॅरेजमध्ये मारलेला रंग कारखान्यातल्यासारखा भट्टीत पक्का झालेला नसतो, आणि पुढे फिल्म काढताना तो तिच्याबरोबर सोलून येऊ शकतो. नुकताच रंगवला असेल तर निदान महिनाभर थांबा. कुठला पार्ट रंगवलेला आहे हे आठवत नसेल तर जाडी मोजायच्या मीटरने पाच मिनिटांत कळतं. काम द्यायच्या आधी प्रत्येक पार्टचं रीडिंग कागदावर लिहून घ्या.